डॉक्टरांनी तीनदा विचारलं

(भोपाळ, साकेत नगरमधलं एक रुग्णालय. मनोरमाच्या लिव्हरचा तुकडा तपासणीसाठी नुकताच काढलाय. पलंगाशी नवरा उदय आणि मुलगी विनिता.)

मनोरमा : ...सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली. म्हणाले, श्वास रोखा. टक् असा आवाज झाला, संपलं.

उदय : फार दुखलं?

मनोरमा : सुई नाही दुखली. आता खांदा दुखतोय.

विनिता : सिस्टर बोलल्या, होतं तसं. पण आई, हलायचं नाही, एकदम नाही. दोन तास उजव्या कुशीवरच.

मनोरमा : रिपोर्ट?

विनिता : चार-पाच दिवस. डॉक्टर परत पूछताछ करत होते, काही देसी दवा चालू आहे का. मी साफ मना केलं.

उदय : विनू... ती घेते. म्हणजे, मी देतो. काढा. दीड वर्ष झालं.

विनिता : कसला काढा?

उदय : गुडघ्यांसाठी. अवधपुरीत एक जण पुड्या देतो. आत काय असतं, ठाऊक नाही.

विनिता : बाबा! तीन बार विचारलं त्यांनी. तुम्ही तिथेच उभे होता!

उदय : होतो. तोंडच उघडेना. मीच माझ्या हातानं तिला...

मनोरमा : हळू बोला दोघं. मलाही विचारलं होतं. मीही नाहीच म्हणाले.

विनिता : तू का पण?

मनोरमा : बत्तीस वर्षांत हे पहिल्यांदा माझ्यासाठी गॅसपाशी उभे राहिले, विनू. रोज सकाळी. उतू जाऊ नये म्हणून भांड्यावरून नजर काढायचे नाहीत. मला मळमळायचं, तरी मी पीत होते.

उदय : मळमळायचं? मग बोलली का नाहीस?

मनोरमा : बोलले असते, तर थांबला असता ना तुम्ही.

विनिता : हद्द आहे यार तुमची. थांबा, मी सांगून येते.

उदय : तू नको. मी जातो.

विनिता : भडकतील ते.

उदय : भडकू देत.

...

विनिता : आलात? काय म्हणाले?

उदय : ओरडले नाहीत. लिहून घेतलं सगळं. कधीपासून, किती. काढा आजपासून बंद. पुडी आणून दाखवा म्हणाले. तेच कारण असेल तर लिव्हर सावरू शकतं.

मनोरमा : आणि नसेल तर?

उदय : ते रिपोर्ट आल्यावर सांगतील.

मनोरमा : एवढ्याला तास लागला?

उदय : सांगायला पाच मिनिटं लागली. बाकी वेळ जिन्यात बसून होतो.