पानझड्याचं औषध

…आणि वर मलाच म्हणतात, "फार चौकशा करतेस बाई!" अहो, करणारच! टोमॅटो घेताना मी चार वेळा दाबून बघते, तेव्हा कुणी काही बोलत नाही, आणि पोटची पोर कुणाच्या हातात द्यायची तर तोंडाला कुलूप लावू? तुम्हाला सांगते, माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, पण विचारायला काय जातंय?

पोर माझी तीन वर्षांची. कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागं लाल लाल चट्टे, आणि खाज अशी की खाजवून खाजवून रक्त काढायची! बालवाडीच्या बाईंनी तर दारातूनच परत पाठवली, "अंगावरचं बरं झालं की आणा." मी रडकुंडीला. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, ते दोन दिवस लावलं, तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा निकाल आला, "डॉक्टरचं गरम पडतं, झाडपाल्याचं बघ." जाऊबाई म्हणाल्या नाडीवाल्याकडं जा, शेजारच्या मावशी म्हणाल्या तेलवाल्या ताईंकडंच जा, आणि आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कर काय करायचं ते, पण शांततेत कर." आता शांततेत कसं करतात हो?

पण मी पण काही कच्ची नाही! आमचे सातवीचे गुरुजी एक प्रश्न मुद्दाम पुस्तकाबाहेरचा टाकायचे. जो छातीठोक उत्तर द्यायचा तो बाकावर उभा, आणि जो म्हणायचा, "गुरुजी, हे शिकवलंच नाही," त्याला शाबासकी. मी म्हटलं, हेच करायचं! सकाळी भांडी घासता घासता मी एक आजार बनवला. पानझडा! सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याला झालाय असं सांगायचं. सासूबाईंना काही झालेलं नाही, जिना माझ्या आधी चढतात त्या… पण विचारायला काय जातंय?

नाडीवाल्याकडं भिंतभर यादी, काय काय बरं होतं त्याची. केस गळण्यापासून नवरा घरी न येण्यापर्यंत! त्यानं पोरीचं मनगट धरलं, डोळे मिटले. पोरीनं हात ओढून घेतला, तर मी गुपचूप माझं मनगट सरकवलं. डोळे मिटूनच म्हणतो कसा, "हं… दाढा येताहेत बाळाच्या." माझ्या! सव्वीस वर्षांच्या बाईच्या! तरी म्हटलं, परीक्षा पुरी करू. "आमच्या सासूबाईंना पानझडा आहे हो." तो मान हलवून म्हणाला, "जुना दिसतोय. तीन महिने पुड्या लागतील." जुना? अहो, मी त्याला सकाळी जन्म दिलेला!

तेलवाल्या ताई मात्र गोड. इतक्या गोड की मुंग्या लागाव्यात. "अगंबाई, पिल्लू गं माझं! हे बघ, डॉक्टरचं सगळं आजपासून बंद हं, नाहीतर माझं तेल रागावतं." तेल रागावतं म्हणे! मी पानझड्याचं विचारलं तर डोळे भरून म्हणाल्या, "आमच्या काकूंना होता. दोन्ही गुडघ्यांना." मी आपली तेलाची बाटली घेतली आणि उठले.

मी जिथं काज-बटणाचं काम करते तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, एका आजींकडं जाऊन बघ, त्या पण झाडपाल्याचंच करतात. गेले. खोली लहान, भिंत कोरी. आजींनी चष्मा पुसला. "काय म्हणालीस? पान… काय? चाळीस वर्षांत नाही ऐकलं बाई. त्यांना घेऊन ये. मला नाही कळलं तर डॉक्टरकडं पाठवीन." अहो, मला वाटलं उठून त्यांचे हात धरावेत! पहिल्या नंबरानं पास! लगेच पुढचा प्रश्न टाकला, "तुम्हाला काय काय जमत नाही?" तर त्या न लाजता बोटांवर मोजायला लागल्या, हे नाही, ते नाही, तान्ह्या बाळाचा ताप तर अजिबात नाही… मी आपली खूश! विचारायला काय जातंय, सांगा बरं!

आणि मग आजींनी मला विचारलं.

"आतापर्यंत पोरीला काय काय लावलंस?"

मी ऐटीत सुरू केलं. सासूबाईंचं तेल, जाऊबाईंचा पाल्याचा लेप, मावशींनी दिलेली राख, नाडीवाल्याची पुडी… हो, नापास केलं होतं त्याला, पण घेतलेलं टाकवेना… ताईंचं ते रागीट तेल, वर माझ्या मनानं आणलेला सुवासिक साबण… एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपत आली आणि माझा आवाज बारीक बारीक होत गेला.

"पोर आहे की भिंत?" आजी म्हणाल्या. "थरावर थर देतेस ते! सगळं बंद कर. डॉक्टरांचं मलम त्यांनी सांगितलंय तसं लाव, आणि पोरीला परत त्यांनाच दाखव."

"आणि तुमचं औषध?"

"माझं काही नाही. ऊठ आता."

डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, फक्त जरा ओरडून. तीन आठवड्यांत पोरीचं अंग असं मऊसूत झालं, काय सांगू! बालवाडीच्या बाईंनी स्वतः हात धरून आत नेली, आणि मी फाटकाशी उभी राहून पदरानं डोळे पुसले.

आता सासूबाई म्हणतात, गुण माझ्या तेलाचा. म्हणू दे. पण मावशींनी जिन्यात गाठलं, त्यांच्या नातवाला तसेच चट्टे. "काय लावलंस गं शेवटी?" मी म्हटलं, "मावशी, त्याला डॉक्टरांना दाखवा आणि घरचं काही लावू नका." तर माझ्याकडं अशा बघतात, जशी काही मी बाटली पदराखाली लपवलीय! "सांगायचं नसेल तर नको सांगूस," म्हणाल्या, आणि नातवाला कडेवर घेऊन तरातरा तेलवाल्या ताईंकडं… थांबवायला बघितलं हो मी! दोन जिने त्यांच्या मागं पळाले! पण "काही लावू नका" हे बाटलीत कसं भरून देऊ, तुम्हीच सांगा!