तिसऱ्या पावलाला शिट्टी

हाडांच्या डॉक्टरांकडे एक आजोबा पुस्तकात डोकं घालून बसले होते, पण कान शेजारी बसलेल्या अनोळखी बापलेकीकडे होते.

“हँडबॉलमध्ये चेंडू घेऊन तीन पावलं टाकता येतात, बाबा, शाळेपासून मला तीच सवय. बास्केटबॉलमध्ये तिसऱ्या पावलाला शिट्टी! कॉलेजच्या सामन्यात माझं हमखास चुकतं.”

“मग?”

“रागावू नका. मी बास्केटबॉल सोडतेय.”

“सुटलो बुवा!”

“अं? तुम्ही खेळायचात, म्हणून तर मी रेटत होते.”

“मी कसला खेळतोय! राखीव होतो, बाकावर बसून टाळ्या वाजवायचो. तुलाच हौस आहे, असं तुझी आई म्हणाली.”

“मला म्हणाली, बाबांचं स्वप्न आहे!”

“कमाल आहे हिची.”

दोघं खदखदून हसली. पुस्तकाआडून आजोबाही हसले.

“पण आता आईला कोण सांगणार?”

“मी सांगतो. तू फक्त शेजारी उभी राहा, हं.”