बिरूच्या हातातला कॅन

मी, भागवत गोरोबा देवकते, वय ३६ वर्षे, व्यवसाय मेंढीपालन, रा. अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव. माझ्याविरुद्ध शिवशंकर अण्णाराव सोनटक्के, रा. अणदूर यांनी मारहाणीची तक्रार दिल्यावरून मला ठाण्यात बोलावण्यात आले. समक्ष हजर राहून सांगतो तो माझा जबाब असा की,

शिवशंकर माझा लहानपणापासूनचा मित्र आहे. काही वर्षांपूर्वी मी, तो आणि आमच्याच आळीतला बिरू असे तिघे एजंटामार्फत आखातात मालवाहू जहाजावर कामाला गेलो. काम गंज खरवडून रंग द्यायचे. त्याआधी आमच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. वादळात जहाज उलटले आणि आम्ही तिघे एका रबरी तराफ्यावर उरलो. दुसऱ्या जहाजाने उचलले तेव्हा दोघेच होतो. बिरू मेल्यावर त्याला आम्ही दोघांनी मिळून पाण्यात सोडले होते. एवढेच त्याच्या आईला, लक्ष्मम्माला, आम्हीच घरी जाऊन सांगितले. तेव्हापासून तिची मेंढरे माझ्या कळपात होती आणि माझी दुपारची भाकरी तिच्या घरची असायची.

शिवशंकर मागे पुण्याला जाऊन सिनेमावाल्यांना भेटला. आमची हकिगत त्याने सांगितली. मला विचारले नाही. सिनेमा मोबाइलवर आला. सुरुवातीला सत्य घटनेवर आधारित अशी पाटी आहे आणि शेवटी शिवशंकरचा फोटो आहे. माझे नाव बदलले आहे, पण माझ्या कपाळावरचा व्रण तसाच ठेवला आहे. तो व्रणवाला तहानेने तडफडणाऱ्या पोराच्या हातातला पाण्याचा कॅन हिसकावतो. पुढच्या दृश्यात पोरगा मरतो आणि शिवशंकरचे काम करणारा नट त्याला मांडीवर घेऊन रडतो.

कॅन मी हिसकावला हे खरे आहे. ते मी आजही नाकारत नाही. पण गोडे पाणी आदल्या दिवशीच संपले होते. बिरूने रिकामा कॅन समुद्रात बुडवून भरून घेतला होता. मी नको म्हणालो तर तो म्हणाला, "मेंढराला मीठ चाटवल्यावर कसं तरतरीत व्हतंय! मला काय व्हतंय?" आम्ही मेंढपाळ माणसे, त्याचे बोलणे आम्हाला लगेच खोडताही येईना. आमचा डोळा चुकवून तो आधीच पीत होता हे नंतर समजले. त्याने कॅन तोंडाला लावताच मी तो ओढला. त्या वेळी बिरूचे दोन्ही हात शिवशंकरने धरले होते. "वत भागवत, सगळं वत," असे पाणी ओतायला तोच ओरडत होता. पडद्यावर पाणी खारे की गोडे ते दिसत नाही.

लक्ष्मम्माने सिनेमा शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या मेंढवाड्यावर आली आणि आपली मेंढरे वेगळी काढून घेऊन गेली. माझ्या शिट्टीची सवय असल्याने मेंढरे माघारी वळत होती, तिने ती काठीने हाकलली. मी शिवशंकरच्या घरी जाऊन जाब विचारला. तो म्हणाला, "खरं सांगितलं तर सिनेमा व्हत न्हाय, भागवत. अन् तुझं नाव कुठं घेतलंय?" मी परत आलो. ज्याच्यासोबत मरणाच्या दारातून आलो त्याने असे म्हटल्यावर माणसाने कोणाकडे बघायचे?

गेल्या रविवारी संध्याकाळी चाँदपाशाच्या हॉटेलात शिवशंकरचा सत्कार होता. शाल, नारळ, फेटा असे सगळे होते. नंतर चहावर सिनेमाची चर्चा निघाली. चाँदपाशा म्हणाला, "शिवशंकरभाऊ, माणूस पाण्याबिगर इतकं टिकतंय व्हय? अन् त्यो मासा तर लईच मोठा दाखवलाय." शिवशंकर म्हणाला, "जे दाखवलं ते घडलं. मासा त्याच्यापरीस मोठा व्हता." साहेब, आम्ही तसला मासा पाहिलाच नाही. एक पाखरू मात्र तराफ्यावर येऊन बसायचे, बिरू त्याच्याशी बोलायचा. ते सिनेमात नाही. मासा ज्याचा त्याला लखलाभ म्हणून मी बसून राहिलो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "अन् त्यो कॅन?" सगळे माझ्याकडे वळले. शिवशंकर शाल सारखी करत म्हणाला, "सांगितलं की, सगळं घडलेलं हाय."

मी उठून चाँदपाशाच्या भटारखान्यातून मूठभर मीठ आणले, पाण्याच्या ग्लासात टाकले, ढवळले आणि शिवशंकरपुढे ठेवले. म्हणालो, "पी. अन् मग सांग, म्या कसलं पाणी हिसकलं." तो हसला. म्हणाला, "याड लागलंय याला." कोणी कोणी हसलेही.

लक्ष्मम्मा रस्त्यावरून मेंढरे घेऊन चालली होती. माझे बोलणे आणि गलका ऐकून ती आत आली. तिने तो ग्लास उचलला आणि कोणी अडवायच्या आत तोंडाला लावला. अर्धा प्याली, उमासा आला तरी गिळले. मग तोंडाला पदर लावून तिने शिवशंकरला विचारले, "माझ्या लेकराच्या हातात हे व्हतं का, बाबा?"

शिवशंकर मान खाली घालून म्हणाला, "मावशी, सिनेमा हाय त्यो. सिनेमात असतंय काहीबाही."

सत्कार घेताना सगळे खरे होते. म्हातारीने विचारले तेव्हा तो सिनेमा झाला. तेव्हा मी त्याला मारले. उजव्या हाताने, तोंडावर. त्याचा ओठ फुटला तो माझ्याच हाताने. पडून लागले असे चाँदपाशा सांगत असेल तर ते माझ्या भल्यासाठी सांगतो, ते धरू नये.

माझी शिवशंकरविरुद्ध तक्रार नाही. त्याचा जबाब घ्याल तेव्हा लक्ष्मम्माला समोर बसवावे आणि तिने विचारले तेवढेच त्याला परत विचारावे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. साहेबांनी सिनेमा पाहिलेला आहे. बिरूच्या हकिगतीत "कॅन मी हिसकावला" असे लिहिले होते. तिथे माझ्या सांगण्यावरून "खाऱ्या पाण्याचा" हे शब्द वर घालून बाजूला माझी सही घेतली. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.