धवल्यांची फ्लॉपी

(१९९८. ठाण्यात खोपटला नंदाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. स्टुलांवर शेवंती आणि तिचा थोरला भाऊ धाकू.)

नंदा : वाचली मावशी, तुमची फ्लॉपी! आतली चकती काढून साबणाच्या पाण्यात धुतली, बुरशी गेली. पण एवढी मोठी फ्लॉपी घेणारं जुनं मशीन शोधायला अख्खं ठाणं पालथं घातलं.

शेवंती : बघ दादूस! आणि तू बोलत होतास, सडली, फेकून दे.

धाकू : दहा वर्षांची वस्तू गं. मला काय ठाऊक.

शेवंती : माझी आये मंजुळा, पोरी, कोळीवाड्याची धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय आमच्यात लगीन लागायचं नाही. गेल्या साली गेली. दहा वर्षांमागे दर रविवारी मासळीचा धंदा सोडून डोंबिवलीला ह्याच्या हापिसात जायची. ती गायची, हा टाइप करायचा. आता परवा माझ्या लक्ष्मीची हळद, नि गायला मी एकटी.

नंदा : हा बघा पहिला धवला. अक्षर न् अक्षर स्वच्छ.

शेवंती : हाच, हाच! मांडव घालतानाचा. पुढचा काढ ना.

नंदा : पुढे... हे काय? 'कपकप लमलम कपलम...'

धाकू : फॉन्टचा लोचा असेल. जुन्या मराठी फॉन्टचं असंच होतं.

नंदा : मग पहिला कसा आला, काका? इथे चकतीवर डागसुद्धा नाही. ही त्याच त्या चार बटणांवर नुसती बोटं आपटलीयेत. शेवटच्या पानापर्यंत हेच.

शेवंती : म्हणजे काय, ते सांगेल का मला कोणी?

नंदा : काकांनाच विचारा.

शेवंती : दादूस?

धाकू : तिचे निम्मे शब्द मला कळायचेच नाहीत गं. दुसऱ्या रविवारीच कंटाळलो. पण ती एवढी खुशीत असायची... बटणं वाजत राहिली की तिला वाटायचं, चाललंय.

शेवंती : दर ओळीला थांबायची रे ती! 'झालं का धाकू?' विचारायची. एकदा मी होते सोबत. तू मान वर न करता बोललेलास, 'झालं, पुढचं सांग.'

धाकू : वाटलेलं, नंतर कधीतरी नीट बसून लिहू.

शेवंती : मी शिकत होते तिच्याकडे. तूच अडवलंस, 'कशाला घोकतेस, मशीनमध्ये कायमचं राहिलं.' आजारात मी मागे लागले, आये, सांग ना. तर बोलली, 'दम लागतो गं, धाकूने ठेवलंय सगळं.' एवढा भरवसा तुझ्यावर! तिला फसवलंस, मला फसवलंस. परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

धाकू : चुकलं गं माझं. पण पहिला तरी आहे ना? नंदा, तेवढा छापून दे हिला.

शेवंती : नको छापू, पोरी. पहिला मला येतो.