दर्याला दिलेला नारळ

देव कुठे असतो म्हणे! बबन्या, तू मला नको विचारूस, माझी काय हालत झाली ते ऐक.

नारळी पौर्णिमेला मी दादर चौपाटीवर छातीभर पाण्यात उभा. लोकांनी दर्याला नारळ द्यायचे, आपण झेलायचे आणि घरी नेऊन खोबरं खायचं, हा आपला दरवर्षीचा धंदा. एका म्हाताऱ्या कोळणीचा नारळ तर मी वरच्यावर झेलला.

ती ओरडली, "मेल्या, दर्यादेवाचा नारल हाय तो! उद्या माझा पोर होडी काढतोय."

मी गप्प बसतोय होय? म्हटलं, "मावशी, आमच्या चाळीत कीर्तनकारबुवा सांगून गेले, सगळं जग म्हणजेच देव. दर्या देव, नारळ देव, मग मीपण देवच की! पोचला तुझा नारळ."

वाटलं, आता शिव्या पडणार. पण ती लुगड्यासकट पाण्यात शिरली, माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाली, "मंग देवा, माझ्या पोराला सांभाल. येकच हाय."

अरे, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पोलिसांसमोर घसा फाडणारा मी, पण तिच्यापुढे दोन पावलं मागे सरलो. मागे तो एवढा थोरला दर्या, पुढे ती, आणि मधे मी कोण, तेच कळेना. पोहत लांब आत गेलो आणि नारळ सोडून आलो.

होडी तीन दिवस आली नाही. मी रोज कोळीवाड्यात. चौथ्या दिवशी तिचा पोरगा टोपली घेऊन किनाऱ्यावर उतरला.

म्हातारी हसत होती रे. रडत होतो तो मी.