तेल कोणी निवडलं होतं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संघटनेचे ज्येष्ठ आबाजी, प्रमुख पाहुणे म्हणून मुंबईहून मुद्दाम आलेले आपल्या कारखान्याचे माजी व्यवस्थापक, ज्यांना आपण अजूनही थोरले साहेबच म्हणतो ते आदरणीय साहेब, आजचे सत्कारमूर्ती, गॅरेजचे फोरमन आणि माझे बालमित्र विलासराव, त्यांच्या सौभाग्यवती सुमनताई, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या कामगार बंधूंनो, मायबहिणींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार आणि जय भीम.

मी खंडू. नवी पोरं मला मागच्या यार्डात रिकामे ड्रम रचणारा म्हातारा म्हणून ओळखतात. जुने कशासाठी ओळखतात, ते ओघात येईलच. जयंतीच्या सभेत दरवर्षी बोलायची सवय, त्यात विलासचा लंगोटीयार, म्हणून कार्यकर्त्यांनी मला गॅरेजच्या वतीने दोन शब्द बोलायला आणि विलासला हार घालायला सांगितलं. त्यांचे आभार. भाषण चांगलं बसवलं होतं, घरी बायकोला, केसरबाईला, म्हणून दाखवलं होतं. ते आता होणार नाही. साहेब, त्याला कारण तुमचं मघाचं भाषण आहे. पण तुमचा त्यात दोष नाही, तुम्ही आपलं विलासचं कौतुक करत होतात.

आधी कौतुकाचंच बोलतो. पिंपरीपासून चाकणपर्यंत कोणी मोटार घेतली की त्याची पहिली फेरी विलासकडे. ‘तेल कुठलं घालू?’ विलास डब्याकडे बघतसुद्धा नाही. इंजिन चालू करायला लावतो, कान देतो, मग विचारतो, आजवर काय घालत होता? घाट किती चढता? नव्या गाडीला सांगेल ते तेल तो झिजलेल्या गाडीला सांगणार नाही. गॅरेजच्या भिंतीवर त्याच्या नावाने वाक्य रंगवलेलं आहे, तुम्ही रोज वाचता. ‘तेल डबा बघून निवडू नका, इंजिन बघून निवडा.’ सोन्यासारखं वाक्य आहे. ते मी त्याला सांगितलं होतं. भिंतीवर दिसलं तेव्हा मला बरंच वाटलं, मित्राने आपला शब्द जपला म्हणून. ते वाक्य कोणत्या दिवशी सांगितलं होतं, एवढंच आज सांगायचं आहे.

बहात्तर साल. साहेबांकडे तेव्हा ती जुनी काळी मोटार होती. वर्षानुवर्षं तिच्यात एकच साधं, जाड तेल जात होतं. अशा इंजिनाच्या आत काय होतं? भगिनींनो, तळणाची कढई कधी घासलीच नाही तर तिला जो थर बसतो, तसा थर बसतो. बसलेला असतो तोवर तो कोणाला त्रास देत नाही. आणि आमच्या गॅरेजात त्याच सुमारास नवं तेल आलं, इंजिन आतून धुणारं. तेल उत्तम होतं, त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. विलास तेव्हा आमच्या पाळीचा प्रमुख. म्हणाला, साहेबांच्या गाडीत हेच घालायचं.

मी म्हणालो, “घालू की राव. पण आधी खालचं चेंबर खोलू, गाळ काढू, तेलाची जाळी धुऊ. न्हाईतर हे तेल समदी घाण सोडवून जाळीवर आणून बसवंल आन् इंजिनाला तेलच मिळायचं न्हाई. डबा बघून निवडू नगं, इंजिन बघून निवड.”

विलास हसला. म्हणाला, “परवा साहेबांना मुंबईला जायचंय. चेंबर खोलत बसाय टाइम कुठं हाय? वत तू. जबाबदारी माझी.”

साहेबांचे ड्रायव्हर करीमभाई तिथेच चाकात हवा भरत होते. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत. करीमभाई, ऐकलं होतं ना तुम्ही? मान हलवतायत. आबाजी, तुम्हीही बघा.

ओतलं मी. पाळीच्या प्रमुखाचा हुकूम होता म्हणून ओतलं, असं म्हणता येईल, पण ते अर्धंच खरं. विलास म्हणाला म्हणून ओतलं. आम्ही दोघे कासारवाडीचे. त्यांची आळी आणि आमची वस्ती यांच्या मधून ओढा जायचा, आणि तो ओढा ओलांडून आमच्या घरात, आमच्या कपातून चहा पिणारा त्यांच्या आळीतला पहिला माणूस विलास. त्यापायी घरी मार खाल्ला त्याने. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. इथे कारखाने उभे राहिले तेव्हा आम्ही जोडीने भरती झालो. अशा माणसाने ‘जबाबदारी माझी’ म्हटल्यावर मी आणखी काय विचारणार?

मोटार खंडाळ्याच्या घाटात अडली. तेलाचा लाल दिवा लागला, करीमभाई गाडी कडेला घेतायत तोवर इंजिन जाम. साहेब आणि बाईसाहेब वैशाखाच्या उन्हात रस्त्यावर उभे. दुसऱ्या दिवशी विलास सकाळीच माझ्याकडे आला. “खंडू, साहेब लई तापल्यात. तू तोंड उघडू नगं. काय बोलायचं ते मी बोलतो तुझ्यासाठी.” मी गप्प राहिलो. करीमभाईंनाही गप्प राहायला सांगितलं. संध्याकाळी विलास परत आला, डोळ्यांत पाणी. “लई सांगितलं रे, ऐकंनात. तुला यार्डात टाकलं. नोकरी तेवढी वाचवली.” मी त्याचे दोन्ही हात धरले.

तो गेल्यावर केसरबाई म्हणाली, “विलासभावजींनी खरंच तुमच्यासाठी शब्द टाकला आसंल का?” मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, माणसावर असा संशय घेणाऱ्या बाईच्या हातचं मला जेवण नको. आणि त्या दिवशी जेवलो नाही.

यार्डात गेल्यापासून माझा हात कुठल्या इंजिनाला लागला नाही. कोण लावू देणार? ‘साहेबांचं इंजिन खाणारा खंडू’, हेच नाव पडलं. माझा सख्खा मेहुणा, त्याची स्कूटर माझ्या दारावरून ढकलत विलासकडे न्यायचा. त्याच वर्षी विलास फोरमन झाला. मी पेढे वाटले. दर दसऱ्याला सोनं द्यायला पहिला त्याच्याकडे गेलो, कारण माझी नोकरी त्याने वाचवली होती. कुटुंबाला सांगायचो, आपल्या ताटातला घास हा विलासचा आहे.

आणि आत्ता साहेब उभे राहिले. साहेब, तुमचेच शब्द सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. तुम्ही म्हणालात, विलासच्या सचोटीचा दाखला देतो. माझी गाडी घाटात बंद पडली तेव्हा हा आपण होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, खंडू माझा जिवाचा मित्र आहे, पण खोटं कसं बोलू? मी नको म्हणत असताना त्याने ते तेल ओतलं. मित्राहून सत्याला मोठं मानणारा माणूस, म्हणून मी याला फोरमन केला. असं म्हणालात आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आधी वाजले, मग कानातलं डोक्यात शिरलं.

सुमनताई, तुम्ही उठू नका. तुमच्यावर माझा राग नाही, बसा.

साहेब, विलासचं ऐकल्यावर मलाही एकदा बोलावून विचारावं, असं तुम्हाला का वाटलं नाही, हे मी विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे, आणि मागे उभ्या असलेल्या आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. विलासलाही ते तेव्हा माहीत होतं. त्याच हिशेबावर तो तुमच्या केबिनचं दार लोटून आत आला.

फोरमनकी त्याला गेली याचं दुःख नाही. घाबरून माणूस खोटं बोलतो, तेही समजतं. त्या दिवशी येऊन म्हणाला असता, ‘खंडू, भ्यालो रे, तुझं नाव घेतलं’, तर शिव्या घातल्या असत्या आणि चहा ठेवायला सांगितला असता. पण त्याने मला उपकाराखाली ठेवलं. ज्याने मला बुडवलं त्याचेच मी इतकी वर्षं हात धरत राहिलो, आणि तो धरू देत राहिला. हे मला सहन होत नाही, बंधूंनो. भर सभेत सांगतो, सहन होत नाही.

केसरबाई, बायकांच्या रांगेत बसली आहेस. तुझं खरं होतं.

आबाजी, घंटी वाजवू नका, आवरतोच. रिवाजाप्रमाणे माझ्यानंतर सत्कारमूर्ती उत्तर देतील. मला आता जागा नको, बढती नको, मीही दिवाळीनंतर घरीच बसणार. विलासने उत्तरात एक वाक्य म्हणावं. ‘ते तेल मी निवडलं होतं.’ एवढंच. माझा मेहुणा इथे बसला आहे, माझी मुलं इथे बसली आहेत, त्यांना ते त्याच्या तोंडून ऐकू द्या.

तो वर बघत नाहीये. साहेब, तुमच्या केबिनमध्येही तो असाच खाली बघत होता का?

हार मी टेबलावर ठेवतो. कार्यकर्त्यांनी तो दुसऱ्या कोणाच्या हातून घालावा, माझ्या हातून होणार नाही. मला बोलायची संधी दिलीत, इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचा, साहेबांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी तोंडून काही अधिकउणं गेलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. माफी मी सभागृहाची मागतो. विलासची मागत नाही.