वर्गणीचे वीस रुपये

वीसच रुपये होते. निवृत्तीनंतर एकदा गडचिरोलीच्या बँकेत पासबुक भरून घेतलं, तर ‘वर्गणी’ म्हणून पैसे कापलेले. तडक आमच्या पेन्शनर संघटनेचे खजिनदार शेखभाऊ यांच्याकडे गेलो.

“सर, कोणी मेंबर वारला का सगळ्यायचे वीस कटते. त्याच्या बायकोले देतो आमी. फारमावर तुमचीच सही हाय.”

“न वाचता केली असेल. पैसे परत करा.”

“करतो. पण कोण वारलं, ते तं इचारा!”

“मला काय करायचंय?”

शेखभाऊंनी पेटीतून नोट काढली. “घ्या. पीएच्डी करून हेच शिकले का, सर?”

मी नोट घेतली.

पुढे वर्षभराने कोणीतरी सांगितलं, आमच्याच संघटनेतला सिंदेवाहीचा वासुदेव गेल्या वर्षीच वारला. माझी बायको दवाखान्यात होती, तेव्हा महिनाभर त्याच्याच बायकोने मला डबा पुरवला होता. मी रडलो. मनात शंका आली, पण विचारायचा धीर झाला नाही.

सहा वर्षांनी संघटनेची वही उघडून पाहिली. वासुदेवच्या पानावर सगळ्यांचे वीस रुपये जमा होते. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘परत नेले.’